जहाजावर भडक रंग नको

आमच्या कॉलनीतला, म्हणजे चंद्रपूरच्या ऊर्जानगरातला, कोणताही ग्रुप फोटो घ्या. चौदा एप्रिलचा घ्या, कुणाच्या निवृत्तीचा घ्या, कॉलनीने क्रिकेटचा कप जिंकला त्याचा घ्या. शेवटच्या रांगेत कुणाच्या तरी खांद्यामागून एक कान बाहेर आलेला दिसेल. तो कान हरिदासभाऊ दुर्ग्यांचा. उरलेले हरिदासभाऊ खांद्यामागे असतात. फोटोग्राफर "जरा दिसा ना जी" म्हणाला, की तो कानही आत जातो.

वीज केंद्रात ते कोळशाच्या पट्ट्यावर कामाला आहेत. मालगाडीतून उतरलेला कोळसा त्या सरकत्या पट्ट्यावरून बॉयलरकडे जातो आणि पट्टा कुठे अडला तर पहिली हाक हरिदासभाऊंना. काम चोख, मात्र कामाचं कौतुक झालं की माणूस गायब. एका वर्षी साहेबांनी त्यांना उत्कृष्ट कामगार ठरवलं. स्टेजवरून तीनदा नाव पुकारलं. हरिदासभाऊ मंडपाच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ ग्लास विसळत होते. शेवटी त्यांचं प्रमाणपत्र आमच्या शेजारच्या लच्छूभाऊंनी घेतलं आणि जाताना टाळ्याही घेतल्या.

सरिताबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणतात, "यायले लाज अशी येते जशी दुसऱ्याले शिंक येते. थांबवाले गेलं का दोन येते." लग्नात म्हणे नवरदेवाच्या पानात भाजी वाढायची राहिली, तर हा गडी नुसता भात खाऊन उठला. वाढणाऱ्याला हाक कशी मारायची? कंपनीच्या बसमध्ये एकदा मागून पँट उसवली. घरासमोरचा थांबा आला, पण उतरायचं तर सगळ्यांकडे पाठ होणार. मग शेवटच्या थांब्यापर्यंत मागच्या पत्र्याला पाठ लावून उभे राहिले, बस रिकामी झाल्यावर उतरले आणि ऊन डोक्यावर घेत चालत घरी आले.

अशा माणसाला त्याच्या मुलीने जहाजावर बोलावलं.

दिव्यानी त्यांची एकुलती एक. नर्सिंग केलं, भाषा शिकली आणि जर्मनीत हॅम्बुर्गला मोठ्या दवाखान्यात लागली. तिथे नागपूरचा कुलदीप खोब्रागडे भेटला. दोघांचं ठरलं. आता दोन्ही घरांची भेट व्हायला हवी होती, आणि कुलदीपची आई उन्हाळ्यात मुलाकडे जाणारच होती. तेव्हा पोरांनीच बेत केला, की सगळ्यांनी मिळून हॅम्बुर्गहून जहाजाने नॉर्वेला जायचं, समुद्र आणि बर्फ बघायचा आणि बघता बघता एकमेकांनाही बघायचं.

फोनवर दिव्यानीने कपड्यांचं समजावून सांगितलं. त्या वेळी आपल्याकडे नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, चालू होता. कूलरसमोर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन हरिदासभाऊ ऐकत होते.

"बाबा, तिथी उन्हाळा म्हणजे आपल्यासारखा नाई. एकाच दिवसात ऊन, पाऊस, वारा, गारा, सगळं येते. म्हणून एक जाड स्वेटर घालून भागत नाई. अंगाले चिकटून पातळ गरम कपडा, त्यावर दुसरा ऊबदार, आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. ऊन आलं का एकेक काढाचं, गेलं का घालाचं."

"दिवसभर काढघाल?" हरिदासभाऊंनी विचारलं. "लोकायसमोर?"

"बाबा!" दिव्यानी हसली. "जॅकेट मी पाठवून राह्यली. आमच्या वार्डातली एक मुलगी नागपूरले येऊन राह्यली, तिच्यासोबत. तेवढं नक्की आणा. आन् एक गोष्ट ऐका. कुलदीपची आई तुमाले पहिल्यांदा भेटणार हाये. तिथी मागं मागं नका राहू, बाबा. माझ्याखातर."

मागं मागं नका राहू, हे हरिदासभाऊंना त्यांच्या साहेबांपासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी सांगून झालं होतं. पण मुलीने कधी सांगितलं नव्हतं. फोन ठेवल्यावर त्यांनी टॉवेल पुन्हा ओला केला आणि बराच वेळ डोक्यावरून काढला नाही.

जॅकेट आलं. ते लाल होतं.

लाल म्हणजे कसं लाल, तर सिरोंच्याकडची मिरची अंगणात वाळत घातल्यावर गच्चीवरून दिसते तसं. त्याला टोपी होती, टोपीला दोऱ्या होत्या, बाहीवर चमकणाऱ्या पट्ट्या होत्या. सरिताबाई म्हणाल्या, "घालून तं पाहा. माप चुकलं तर आताच सांगू पोरीले." संध्याकाळची वेळ होती. हरिदासभाऊंनी दार लोटून, पडदा ओढून जॅकेट अंगात घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली, टोपी चढवली. आणि लाइन गेली. चंद्रपूरच्या विजेवर कुठली कुठली शहरं उजळतात, पण आमच्या क्वार्टरमधली लाइन अशा वेळी हटकून जाते. कूलर थांबला. चेन खाली ओढली, तर ती अडकली. आतला माणूस भाजायला लागला. दोन मिनिटं त्यांनी लाजेखातर काढली, मग जिवाखातर दार उघडून व्हरांड्यात आले.

नेमकी त्याच वेळी कंपनीची बस समोर थांबली.

बसच्या प्रत्येक खिडकीत एक चेहरा होता आणि प्रत्येक चेहऱ्याला तोंड होतं. नवतप्यात, लाल जॅकेटात, डोक्यावर टोपी बांधून उभा असलेला माणूस बघून आधी खिडक्यांतून माना बाहेर आल्या. मग लच्छूभाऊ खाली उतरले.

"अरे दुर्गेऽ! या वयात दुसऱ्या लग्नाले निंगाला का बापा?"

बस हसली. आतून कुणीतरी ओरडलं, "लाल सिग्नल हाये, गाडी पुढं नेऊ नका!" ड्रायव्हरने खरंच गाडी नेली नाही. हरिदासभाऊ चेन ओढत होते, ती जागची हलत नव्हती. आत जायचं तर पाठ फिरवावी लागणार आणि पाठीवर चमकणारी आणखी एक मोठी पट्टी आहे, हे त्यांना माहीत होतं. ते तसेच उभे राहिले. शेवटी सरिताबाईंनी त्यांना बाहीला धरून आत ओढलं, चेनीवर मेणबत्ती घासली आणि सोडवलं.

त्या संध्याकाळनंतर जॅकेट लोखंडी कपाटाच्या वर गेलं, जुन्या सुटकेसच्या मागे.

मग हरिदासभाऊ सल्ला घ्यायला मोहर्लीला गेले. मुखरू हा त्यांचा बालपणीचा मित्र, एकाच गावचा, ताडोब्याच्या गेटवर गाइड आहे. थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे उघड्या जिप्सीत बसून जंगलात जाणाऱ्याला गारठा म्हणजे काय ते कळतं, आमच्या जिल्ह्यात तरी इतर कुणाला कळत नाही. हरिदासभाऊंनी त्याला सगळं सांगितलं. जहाज, बर्फ, देवमासे, मुलीची होणारी सासू. लाल जॅकेटाचंही सांगितलं, बसचं नाही सांगितलं.

"लाल?" मुखरू बाजेवरून उठूनच बसला. "अबे, डोकं हाये का ठिकाणावर? जनावर पाहाले चालला आन् लाल घालतं? आमच्या गेटवर कोणी लाल घालून आला का मी पहिले त्याले बदलाले लावतो. भडक रंग नको. खाकी, हिरवा, मातकट. शांत रंग."

"देवमाश्यालेही चालत नसन?"

"जनावर ते जनावर. आन् ऐक, चुकला-गिकला तर पळू नको, बोंबलू नको. एका जागी बसून राह्य. आपण हाललो का घोटाळा होते."

हे ऐकून हरिदासभाऊंच्या जिवात जीव आला. आयुष्यभर ते जे लाजून करत होते, ते करायला पहिल्यांदाच एका जाणकाराने सांगितलं होतं. मुखरूने आपलं गाइडचं जाड जॅकेट दिलं. हिरवट खाकी, खिसेच खिसे, आणि त्याला डिझेलचा वास. "घेऊन जाय. पावसाळ्यात गेट बंदच राह्यते. बर्फात एक फोटो काढजो माझ्या जॅकेटाचा."

बॅग भरली ती अशी. आत घालायचे पातळ गरम कपडे, रंग मातकट. दोन स्वेटर, एक राखी, एक त्याहून राखी. खाकी पँट. तोंडाला बांधायचा दुपट्टा, कारण उन्हाची झळ अडते त्याने वाराही अडेल. वरून मुखरूचं जॅकेट. दिव्यानीचा फोन आला.

"लाल जॅकेट ठेवलं ना, बाबा?"

"ठेवलं ना. वरतंच हाये."

ते कपाटाच्या वर होतं. सरिताबाई बाजूलाच बॅगेवर बसून चेन लावत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "पोरीसंग खोटं?" त्या फोन बंद झाल्यावर म्हणाल्या.

"तूच सांग," हरिदासभाऊ खाली बघत म्हणाले, "तिची सासू येणार हाये. मी ते घालून उभा राह्यलो आन् ते बाई हासली, बसवाल्यायसारखी, तर दिव्यानीचं तोंड कसं होईन? माणूस दिसलाच नाई तर हासतीन कोणाले?"

या बोलण्यात खोट होती, पण ती चंद्रपुरात दिसत नव्हती. निघताना सरिताबाईंनी सवयीने त्यांच्या खिशात ऊन लागू नये म्हणून एक कांदा टाकला. तो थेट हॅम्बुर्गपर्यंत गेला.

पुढचं सगळं सरिताबाईंनी आमच्या घरी बसून सांगितलं. हरिदासभाऊ शेजारी होते, पण मध्येच उठून आमच्या नळाची तोटी तपासायला गेले ते गोष्ट संपेपर्यंत आले नाहीत.

हॅम्बुर्गला बॅग उघडली. दिव्यानीने दोन्ही स्वेटर उचलून खाली पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं. "राह्यलं वाटते घरी," हरिदासभाऊ म्हणाले. ती नवीन घ्यायला निघाली, तर त्यांनी हातच जोडले, "मुखरूचं हाये ना, बेटा. चांगलं गरम हाये." तिने दोन्ही स्वेटर परत बॅगेत ठेवले आणि चेन लावली. रागावली असती तर बरं झालं असतं.

नंदिनीबाई, म्हणजे कुलदीपची आई, नागपूरच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. आवाज असा, की शाळेला घंटा लागली नसेल. अंगात हळदीसारखा पिवळा रेनकोट. "जयभीम दुर्गेसाहेब!" त्या बंदरावरच्या गर्दीत लांबून म्हणाल्या आणि चार गोऱ्यांनी वळून पाहिलं. हरिदासभाऊंनी "जयभीम जी" म्हटलं ते त्यांच्या दुपट्ट्यालाच ऐकू आलं.

जहाजावर जिकडे बघावं तिकडे लोकांनी लाल, नारंगी, पिवळं, निळं घातलेलं. त्यात खाकी कपड्यातला एकच माणूस. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, सगळे वरच्या डेकवर आले. हरिदासभाऊ एका खांबाजवळ उभे होते. एका म्हाताऱ्या मडमेने त्यांच्याकडे बघून गोड हसून आपला रिकामा कप त्यांच्या हातात दिला. तिला ते जहाजावरचे कामगार वाटले. आता हिला नाही कसं म्हणायचं, कोणत्या भाषेत म्हणायचं? त्यांनी कप घेतला. ते बघून तिच्या नवऱ्यानेही दिला. मग शेजारच्या टेबलवाल्यांनी बशा दिल्या. हरिदासभाऊंनी त्या सगळ्या नीट एकावर एक रचल्या आणि कुठे ठेवायच्या ते न कळून तशाच घेऊन फिरत राहिले. लोक देत गेले.

त्याहून वरच्या मजल्यावर कठड्याशी दिव्यानी होणाऱ्या सासूला कौतुकाने सांगत होती, की आमचे बाबा वीज केंद्रात कोळशाचा अख्खा विभाग सांभाळतात. नंदिनीबाई म्हणाल्या, "अगं, ते खाली कपबशा कोण गोळा करतंय? दुर्गेसाहेबच ना?"

दिव्यानीने खाली पाहिलं. हरिदासभाऊंनी नेमकं वर पाहिलं. दोघांची नजर भेटली आणि आधी दिव्यानीने काढून घेतली. हरिदासभाऊंना बसमधल्या सगळ्या चेहऱ्यांची लाज मिळून जेवढी वाटली नव्हती, तेवढी त्या एका चेहऱ्याची वाटली. कपबशा हातात होत्या म्हणून तोंडही झाकता येईना.

मग बर्फाचा दिवस आला. जहाज डोंगरांच्या मधोमध उभं राहिलं, छोट्या होड्यांनी लोकांना काठावर सोडलं. तिथून खडकाळ वाटेने हिमनदीपर्यंत चालत जायचं आणि ठरल्या वेळी होडीवर परत यायचं. निघताना ऊन होतं, सगळ्यांनी जॅकेटं कमरेला बांधली. पुलापाशी पाऊस आला, सगळ्यांनी घातली. जरा पुढे पुन्हा ऊन, पुन्हा काढली. हरिदासभाऊंनी मुखरूचं जॅकेट एकदाही काढलं नाही. आतून घामाने आणि बाहेरून पावसाने ते सारखंच भिजत होतं, कारण जंगलात वारा अडवायला केलेलं ते जॅकेट पाणी मात्र प्यायचं.

आणि मग त्यांना लघवी लागली.

विचारायचं कुणाला? मुलीला? होणाऱ्या जावयाला? विहीणबाईंना? ते हळूच वाटेवरून उतरले. दोन खडक ओलांडले, तरी मागे कुणीतरी निळं दिसत होतं. आणखी चार ओलांडले. आपल्या माणसाला आडोसा म्हणजे पूर्ण आडोसा लागतो. तो त्यांना मिळाला, आणि पाठोपाठ डोंगरावरून धुकंही उतरलं. एवढ्या दाट धुक्यात हात धरायलाही कुणी नव्हतं. गारा पडायला लागल्या. हरिदासभाऊंना मुखरू आठवला. पळू नको, बोंबलू नको, एका जागी बसून राह्य. ते एका मातकट खडकाला टेकून, मातकट कपड्यांत, राखी दुपट्टा तोंडाला बांधून बसले.

थोड्या वेळाने धुकं विरळ झालं. त्यांना खालची वाट दिसायला लागली. वाटेवर लाल, नारंगी, निळे ठिपके धावत होते. त्यांच्या नावाचा पुकारा होत होता. कुलदीप ओरडत होता, तिथला वाटाड्या कर्ण्यातून "मिस्टर डुर्गे" म्हणत होता. हरिदासभाऊंना सगळं दिसत होतं. पण एवढ्या लोकांत ओ कसा द्यायचा? सगळे वळून बघणार. कुठे होता म्हणून विचारणार, मग कशाला गेला होता म्हणून विचारणार. त्यांनी हात वर केला, युनियनच्या सभेत मागच्या रांगेतून करतात तसा, खांद्यापर्यंत. खाकी खडकावर खाकी हात. कुणालाही दिसला नाही.

त्या ठिपक्यांत एक लाल ठिपका कमी होता, त्यांचा स्वतःचा, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

पिवळा ठिपका मात्र वाट सोडून वर चढत होता. नंदिनीबाई. शाळेत हरवलेली पोरं शोधून काढायची त्यांना सवय. "दुर्गेसाहेब! ओ दुर्गेसाहेब!" करत त्या ओढ्याच्या काठाने अगदी जवळ आल्या. हरिदासभाऊंपासून हाताच्या अंतरावर उभ्या राहून त्या दूर डोंगराकडे बघत हाका मारत होत्या. आता ओ देणं भाग होतं. हरिदासभाऊ जमेल तेवढं हळू म्हणाले,

"इथी हाये जी."

खडक बोलला. नंदिनीबाई किंचाळल्या, पाय घसरला आणि बाई रेनकोटासकट बर्फाच्या पाण्यात बसल्या.

ती किंकाळी जहाजापर्यंत गेली म्हणतात. मग जे सगळे ठिपके होते ते एका जागी आले. नंदिनीबाई कमरेपर्यंत गार झालेल्या, दात वाजताहेत. हरिदासभाऊंनी मुखरूचं जॅकेट काढून त्यांच्यापुढे धरलं, तोंड दुसरीकडे करून. शेवटची होडी त्यांच्यासाठी थांबली होती आणि होडीसाठी जहाज थांबलं होतं. जहाजाच्या कठड्याला सगळे मजले भरून लोक उभे होते. ही मंडळी शिडी चढली तेव्हा त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर टाळ्या चुकवलेल्या माणसाला त्या अख्ख्या जहाजाच्या मिळाल्या. गर्दीत ती कपवाली मडमही होती. ती सगळ्यांत जोरात वाजवत होती.

त्यानंतर हरिदासभाऊ खोलीतून बाहेर आले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सरिताबाईंनी ताट आणलं, ते तसंच राहिलं. त्या देशात उन्हाळ्यात सूर्य मावळायचं मनावरच घेत नाही, त्यामुळे तोंड लपवायला अंधारसुद्धा नव्हता.

दिव्यानी आली, पलंगाच्या काठावर बसली.

"तुमच्या विहीणबाईले ताप भरला, बाबा."

हरिदासभाऊंनी पांघरूण कानावर ओढलं.

"खरं सांगा. जॅकेट घरी विसरलं का ठेवलं?"

पांघरुणातून आवाज आला. "ठेवलं. कपाटावर." आणि मग बसचं सगळं बाहेर आलं, लच्छूभाऊंसकट, अडकलेल्या चेनीसकट. "मले वाटलं, इथी कोणी हासलं तर तुह्यं नाव जाईन. म्हणून शांत रंग घेतले."

"तुमी पट्ट्यावर रोज नारंगी जॅकेट घालता. चमकणारं. ते काऊन घालता?"

"माणूस दिसला पायजे म्हणून. नाई तर मशीन चालू करतीन ना."

"मंग?"

"तिथी सगळेच घालते, बेटा."

दिव्यानी हसली नाही. तिचा आवाज बदलला. "शाळेत माझं गॅदरिंग राह्यचं. मी स्टेजवरून पाहो. सगळ्यायचे बाबा समोर दिसत. तुमी कुठंतरी मागं, खांबामागं. आई म्हणे, आले होते ना बाबा. पण मी नाई पाह्यलं ना कधी. मी तो नाच तुमाले शोधत शोधत करो, आन् पाऊल चुको." तिने पांघरुणाचं टोक सरळ केलं. "लाल मी बर्फासाठी नोहोतं घेतलं, बाबा. राखी रंगातही मिळत होतं."

हरिदासभाऊ उठून बसले. मुलीकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. ते आपल्या हातांकडे बघत राहिले. जन्मभर त्यांना लोक बघतील याची लाज वाटली होती. एक पोर बघायला धडपडत होती आणि तिला आपण दिसलो नाही, याची लाज त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. ती कुठे लपवता येईना, कारण ती बघायला आलेलं माणूस समोरच बसलं होतं. ते एवढंच म्हणाले, "चुकलं माह्यं."

संध्याकाळ म्हणायची तेव्हा ते स्वतः उठून नंदिनीबाईंच्या खोलीत गेले. दारात उभे राहिले, मग आत गेले, खुर्ची दिली तर बसलेसुद्धा. "माझ्यानं झालं जी," ते म्हणाले. बाई मुखरूचं जॅकेट अंगावर पांघरून चहा पीत होत्या. त्या म्हणाल्या, "दुर्गेसाहेब, बत्तीस वर्षं शाळा चालवली, पण अशी लपलेली मूर्ती सापडली नव्हती. लग्नात मात्र पुढे बसा. मला पुन्हा शोधायला लावू नका, आता माझं वय झालं." हरिदासभाऊंचे कान लाल झाले. सरिताबाई म्हणतात, तेवढंच लाल त्या जहाजावर त्यांनी घातलं.

मोहर्लीला जॅकेट परत द्यायला ते गेले, तेव्हा मुखरूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यात माह्यी काय चूक? वाघाले तर नाई ना दिसला!"

नोव्हेंबरात दिव्यानी लग्नासाठी येणार होती. दिल्लीहून दुपारच्या विमानाने नागपूर. हरिदासभाऊंनी मला गाडी घेऊन सोबत यायला सांगितलं. आपल्याकडचा नोव्हेंबर, दुपारी ऊन चांगलं चटकत होतं. गाडीतून उतरल्यावर त्यांनी डिकी उघडली, पिशवीतून ते लाल जॅकेट काढलं आणि घातलं. टोपी नाही चढवली. मी डिकी बंद केली.

विमानतळाच्या दाराबाहेर गर्दी होती. हरिदासभाऊ सवयीने खांबाकडे निघाले, खांबापर्यंत गेले, आणि तिथून परत येऊन कठड्याला लागून सगळ्यांत पुढे उभे राहिले. शेजारचा टॅक्सीवाला त्यांच्याकडे बघून दुसऱ्याला कोपराने ढोसत होता. एक लहान पोरगी आईला विचारत होती, "आई, हे काका आजारी आहेत का?" हरिदासभाऊंच्या कानांमागून घामाच्या धारा लागल्या होत्या. त्यांना हे सगळं ऐकू येत होतं. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी असा धरला होता, की जणू तो सुटला तर ते पळून जातील.

काचेपलीकडे सामानाच्या पट्ट्याजवळ दिव्यानी दिसली. पाठमोरी. तिने बॅग उचलली, वळली, आणि गर्दीवरून नजर फिरवायच्या आधीच तिचा हात वर गेला. शोधावं लागलंच नाही.

ती बाहेर येईपर्यंत वेळ होता. मी म्हणालो, "भाऊ, पाह्यलं तिनं तुमाले. आता काढा ते, पार भिजले तुमी."

हरिदासभाऊ समोर बघत म्हणाले, "कसं काढू जी? चेन अटकली हाये."

चेन त्यांनी लावलेलीच नव्हती.